वारस चांगला निघाला, एवढ्यावर भागत नाही

निवडणुका जवळ आल्या की घराणेशाहीचा वाद सुरू होतो आणि दर वेळी एकाच वळणाने जातो. एक बाजू समोरच्या पक्षातल्या मुला-मुलींची, सुना-पुतण्यांची यादी वाचते. दुसरी बाजू यादी वाचणाऱ्याच्या पक्षातली यादी वाचते. मग कोणीतरी विचारतं, डॉक्टरचा मुलगा डॉक्टर झालेला चालतो तर पुढाऱ्याचा मुलगा पुढारी का नको? आणि शेवटी हुकमाचं पान म्हणून राजर्षी शाहू महाराज आणि सयाजीराव महाराजांची नावं निघतात. तेही वारसच होते ना? गादी वारशाने मिळाली म्हणून त्यांचं काम उणं ठरतं का? इथे घराणेशाहीचे विरोधक अडखळतात. कारण उत्तर सरळ आहे: नाही, उणं ठरत नाही. पण हे उत्तर मान्य करूनही घराणेशाहीला विरोध करता येतो, नव्हे केला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. वारस भला निघाला की बुरा, कर्तबगार की नालायक, यावर आपण शक्ती खर्च करतो. आयती मिळालेली सत्ता त्याने आपल्याच घरात टिकेल अशी बांधून घेतली, की ती बाहेरच्या माणसाच्या हाती जाऊ शकेल अशी वाट केली, हे मात्र कोणी तपासत नाही.

डॉक्टरच्या मुलाचा दाखला आधी बाजूला करू. त्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पेपर सोडवावे लागतात. वडिलांचा दवाखाना त्याला मिळेल, पण शेजारच्या गल्लीत दुसऱ्या डॉक्टरने पाटी लावायची ठरवली तर त्याला याच्या वडिलांची परवानगी लागत नाही. राजकारणात लागते. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा कागद, ज्याच्या हातात, त्याच्या घरातून होकार आल्याशिवाय तालुक्यातला वीस वर्षं राबलेला कार्यकर्ता पक्षाच्या चिन्हावर उभा राहू शकत नाही. वारसाला संधी मिळते याबद्दल तक्रार नाही. ती इतरांना मिळणार की नाही हेही तोच ठरवतो, याबद्दल आहे.

दुसऱ्या बाजूचे काही मुद्दे मात्र मनापासून मान्य करायला हवेत. वारस शेवटी लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि अनेकदा पडतोही. ज्या समाजात बाईला घराबाहेर पडायलाच अडथळे, तिथे अनेक स्त्रियांना राजकारणाचा पहिला दरवाजा घराण्याच्या नावानेच उघडला. आणि लहानपणापासून लोकांची गाऱ्हाणी ऐकत वाढलेल्या मुलाला कारभाराची जाण लवकर येते, हेही खोटं नाही. हे सगळं धरूनच पुढचं बोलायचं आहे, आणि त्यासाठी मी कोल्हापूर-बडोद्याच्या आधी औंधला जाणार आहे. आपल्या या वादात औंधचं नाव कोणी घेत नाही. ते का घेत नाहीत, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

औंध साताऱ्याजवळचं छोटं संस्थान. सत्तरेक गावं, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, आणि मुलूख सलग नाही: औंध एकीकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला, तर गुणदाळ पार विजापूरकडे. या घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्र्यंबक हे किन्हईचे कुलकर्णी. राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी जिवावरची लढाई चालू असताना, त्यांनी पराक्रम केला आणि प्रतिनिधिपद, म्हणजे छत्रपतींच्या वतीने कारभार पाहण्याचं मोठं पद, मिळवलं. मिळवलं, हा भाग महत्त्वाचा. पुढे ते पद घराण्यातच राहिलं. पेशवेपदाचंही तेच झालं. गुणांवर मिळालेलं पद दोन पिढ्यांत वतन होऊन बसतं, हा आपल्या इतिहासातला जुना आजार आहे, आणि तो लोकशाही आल्याने आपोआप बरा झाला असं समजायचं काही कारण नाही.

१९०९ मध्ये बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, या गादीवर आले. माणूस गुणी होता. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी आयुष्याचं व्रत मानलं आणि संस्थानातल्या शाळांत तो नेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा बाळासाहेबांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले. यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय आजही पाहायला मिळतं. बाळासाहेब इथेच थांबले असते तर रसिक, प्रजेची काळजी घेणारा संस्थानिक म्हणून त्यांची आठवण राहिली असती, आणि माझ्या युक्तिवादाला त्यांचा काही उपयोग नव्हता. चांगले राजे अनेक झाले.

पण सत्तरी गाठलेल्या या राजाने पुढे जे केलं ते वेगळं होतं. मुलगा आप्पासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला होता. पोलंडमधून आलेला आणि गांधीविचाराने भारलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा अभियंता त्यांच्या संपर्कात आला. तिघांच्या चर्चेतून, आणि गांधीजींच्या प्रत्यक्ष सल्ल्याने, सगळा राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना तयार झाली. २१ जानेवारी १९३९ ला ती लागू झाली. गावाने आपले पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची समिती उभी राहायची आणि तिथून संस्थानची विधिसभा. सत्तेचा जिना खालून वर बांधलेला. राजा राहिला, पण नावापुरता. सगळ्या भारतात ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळायला १९९३ साल उजाडावं लागलं, हे लक्षात घेतलं म्हणजे माणदेशातल्या त्या धुळीच्या गावांत काय घडत होतं याचा अंदाज येतो. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. तिथे कैदी भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करत. ज्या राजवटीने कैद्यावर एवढा भरवसा टाकला, तिने आपल्या शेतकऱ्याला कारभार झेपेल का हा प्रश्न अडवून ठेवला नाही, यात मला एकच वृत्ती दिसते.

आता यावरचे आक्षेप. पहिला, औंध फार लहान. दुसरा, वारं बदललं होतं. संस्थानांत प्रजापरिषदांच्या चळवळी पेटल्या होत्या, आज ना उद्या गादी जाणारच हे शहाण्या माणसाला कळत होतं, मग जाणारी गोष्ट दिली यात मोठेपणा कसला? तिसरा, हा प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि औंधची घटना इतिहासजमा झाली. आणि चौथा, जो मला सगळ्यांत जड वाटतो: लोकांचं राज्य म्हणता, पण त्या राज्याच्या मंत्रिमंडळात राजाचाच मुलगा होता, पुढे तोच मुख्य झाला. मग घराणेशाही गेली कुठे?

चौथ्यापासून सुरू करतो. आक्षेप खरा आहे आणि तो झाकायचं कारण नाही. सत्ता सोडणाऱ्या घराण्यालाही पहिल्या काही वर्षांत आपलाच माणूस सुकाणूवर लागला. मात्र आप्पासाहेब ज्या खुर्चीवर बसले तिचे अधिकार त्यांच्या वडिलांनी आधीच कमी करून ठेवले होते, आणि त्यांच्याखाली जे पंच बसले होते ते राजवाड्यातून नेमलेले नव्हते. १९४८ नंतर आप्पासाहेब भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून पूर्व आफ्रिकेला गेले. एखाद्या माणसाचं आडनाव काय, यापेक्षा त्याच्या जागी दुसरा येण्याची वाट उघडी आहे का, ही कसोटी मी धरतो, आणि तिच्यावर औंध पुरतं नाही तरी बरंचसं उतरतं.

काळाच्या दबावाचा आक्षेप मात्र मला पोकळ वाटतो. दबाव कोणावर नव्हता? साडेपाचशेच्या वर संस्थानं होती, सगळ्यांनी तेच वारं अंगावर घेतलं. बहुतेकांनी लाठ्या काढल्या. शेजारी राजकोटचं उदाहरण ठेवून पाहा, कारण ते त्याच दिवसांतलं आहे आणि फार बोलकं आहे. गांधीजींचे वडील जिथे दिवाण होते ते राजकोट. तिथल्या लाखाजीराज ठाकोरांनी १९२३ मध्ये लोकांनी निवडलेली प्रजाप्रतिनिधी सभा स्थापन केली होती. म्हणजे औंधच्या आधी सोळा वर्षं! राजा प्रागतिक, लोकांत मिसळणारा, राष्ट्रीय चळवळीबद्दल आस्था असलेला. १९३० मध्ये ते वारले आणि मुलगा धर्मेंद्रसिंहजी गादीवर आला. सभा गुंडाळली गेली. खजिना रिता होऊ लागला तसे काड्यापेटी, साखर अशा रोजच्या वस्तूंचे मक्ते विकले गेले. लोक उठले, सत्याग्रह झाला. डिसेंबर १९३८ मध्ये सरदार पटेलांशी करार झाला आणि ठाकोरांनी तो मोडला. मार्च १९३९ मध्ये खुद्द गांधीजींना तिथे उपोषणाला बसावं लागलं. बाप आणि मुलगा, एकच गादी, एकच प्रजा. बापाचं चांगुलपण मुलाकडे गेलं नाही, सत्ता तेवढी गेली. घराणेशाहीचे समर्थक चांगल्या वारसाकडे बोट दाखवतात तेव्हा मला हेच विचारायचं असतं: त्याच्या नंतरचं कोण, हे तुम्हाला माहीत आहे का?

मग लाखाजीराजांनी दिलेलं मुलाला मोडता आलं, तर बाळासाहेबांनी दिलेलं टिकलंच असतं याची हमी काय? हमी नव्हती. वर इंग्रज सार्वभौम होते, घटना एका सहीने आली होती आणि एका सहीने जाऊ शकली असती. फरक एवढाच की राजकोटात एक सभा होती, ती राजवाड्याच्या दाराशी बसणारी, दार लावलं की संपणारी. औंधात गावोगाव पंच बसले होते. वरची सभा बंद करणं सोपं. सत्तरेक गावांत कारभाराची सवय लागलेली माणसं परत घरी पाठवणं अवघड. साताऱ्यात १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेलं सरकार, उभं राहिलं तेव्हा कुंडल हा त्याचा मोठा आधार होता, आणि कुंडल औंध संस्थानातलं. याचं सगळं श्रेय १९३९ च्या घटनेला देणं चुकीचं होईल. नाना पाटलांच्या चळवळीची मुळं सत्यशोधक जलशांत, शेतकऱ्यांच्या रागात आणि बेचाळीसच्या हाकेत आहेत. पण ज्या मुलखात सरकार म्हणजे आपणच असं लोकांना चार वर्षं तरी सांगितलं गेलं होतं, त्या मुलखात लोकांनी आपलं सरकार चालवून दाखवलं, ही गोष्ट मला सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

आता कोल्हापूर. शाहू महाराजांमुळे माझ्या म्हणण्याला सगळ्यांत अवघड प्रश्न विचारला जातो. तो असा: १९०२ मध्ये महाराजांनी मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्या एका हुकमाने. त्या वेळी त्यांनी बाळासाहेबांसारखा कारभार निवडलेल्या सभेकडे सोपवला असता तर काय झालं असतं? लिहिता-वाचता येणारा, कायदा कळणारा वर्ग मूठभर. सभा त्याच्याच हाती गेली असती आणि तो हुकूम कधीच निघाला नसता. वेदोक्ताच्या प्रकरणात, म्हणजे राजघराण्यातले विधी वेदमंत्रांनी करायला नकार देताना, छत्रपतींनाच शूद्र ठरवायला जे कचरले नाहीत, ते इतरांना जागा देणार होते? म्हणजे सामाजिक न्यायासाठी कधी कधी एका माणसाच्या हाती सत्ता असलेली बरी, असा याचा अर्थ होतो. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. १९०२ च्या कोल्हापुरात मी असतो तर मीही हुकमाच्या बाजूने उभा राहिलो असतो.

पण महाराजांनी त्या सत्तेचं काय केलं ते जवळून पाहा. जातीजातींची वसतिगृहं काढली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी आणले. म्हणजे खुद्द वारसा हक्काच्या तत्त्वालाच गावपातळीवर हात घातला. गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. पागेतल्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं, गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि सोबतच्यांनाही पाजू लागले. यात राजाची दया दिसते हे खरं, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हॉटेल. महाराजांनी गंगारामांना दरबारात आश्रित म्हणून ठेवलं नाही. त्यांना दरबाराची गरज उरणार नाही अशी सोय केली. आणि १९२० च्या माणगाव परिषदेत तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी डॉक्टर आंबेडकरांच्या रूपाने मिळाला आहे. सत्ता हातात असलेला माणूस लोकांना म्हणतो, तुमचा नेता मी नव्हे, हा. आज आपल्या वारसांपैकी कोण आपल्या तालुक्यात उभं राहून हे वाक्य उच्चारेल?

सयाजीरावांनी आंबेडकरांना परदेशी शिकायला पाठवलं, अमरेलीत १८९३ मध्येच सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं. त्यांच्याइतका दूरदृष्टीचा राज्यकर्ता त्या काळात दुसरा दाखवणं कठीण. तरीही १९१७ मध्ये तेच आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत आणि अखेर त्यांना शहर सोडावं लागलं. राजा आधुनिक होता, कचेरी नव्हती. वरच्या एका माणसाच्या मोठेपणावर किती भिस्त ठेवता येते, याचं याहून कडू उत्तर मला माहीत नाही.

औंध लहान होतं म्हणून ज्यांचं समाधान होत नाही, त्यांच्यासाठी तैवान. तिथले हुकूमशहा च्यांग काय-शेक यांचा मुलगा आणि पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झालेला च्यांग चिंग-कुओ. गुप्त पोलीस यंत्रणा त्याच्याच हाताखाली वाढली, असंख्य माणसं तुरुंगात गेली. त्याला संत ठरवण्याचा माझा अजिबात हेतू नाही. १९७९ च्या काओशुंग शहरातल्या लोकशाहीवाद्यांच्या मोर्चानंतर ज्यांना पकडलं, ज्यांनी वर्षानुवर्षं कैद भोगली, तैवानची लोकशाही आधी त्यांची आहे. पण १९८५ च्या डिसेंबरमध्ये त्याने जाहीर केलं की माझ्या कुटुंबातलं कोणीही माझ्या जागी येणार नाही. १९८६ मध्ये बंदी असतानाही विरोधी पक्ष स्थापन झाला, त्याने तो चिरडला नाही. १९८७ मध्ये अडतीस वर्षांचा लष्करी कायदा उठवला. जानेवारी १९८८ मध्ये तो गेला आणि सत्ता घराण्याबाहेरच्या ली तेंग-हुई यांच्याकडे गेली. सुमारे दोन कोटींच्या देशात हे झालं. बापाने दिलेलं पुढे मुलाला द्यायचं नाही, एवढा निर्णय तरी एका वारसाच्या हातात असतो आणि तो घेता येतो.

आता आपल्या गावाकडे येऊ, कारण हा वाद दिल्ली-मुंबईपेक्षा इथे जास्त खरा आहे. महाराष्ट्रात घराणं म्हणजे फक्त आमदारकी नव्हे. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था, बाजार समिती असा सगळा गोतावळा. कारखान्याच्या वार्षिक सभेला ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांना तो आवाज ठाऊक आहे: व्यासपीठावरून विषय वाचून पुरा व्हायच्या आत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं, आणि मागे माईक मागणाऱ्या सभासदापर्यंत माईक पोहोचतच नाही. तो सभासद फार ताणत नाही, कारण उसाला तोड वेळेवर मिळायची आहे. वाळलेल्या उसाचं वजन घटतं ते त्याचं घटतं. मग निवडणूक बिनविरोध होते आणि बिनविरोध झाल्याचे फलक चौकात लागतात. अशा ठिकाणी ‘लोकांनीच निवडून दिलं’ या वाक्याला किती अर्थ उरतो? त्या घराण्यातला आजचा तरुण वारस उच्चशिक्षित असेल, नम्र असेल, आरोग्य शिबिरं भरवत असेल, महापुरात स्वतः पाण्यात उतरला असेल. हे सगळं खरं असू शकतं, आणि त्याचं कौतुकही करावं. लाखाजीराजही भलेच होते.

म्हणून वारसाला विचारायचे प्रश्न मी वेगळे मानतो. तुझ्या संस्थेच्या संचालक मंडळात तुझ्या नात्यागोत्याबाहेरचे, तुला नाही म्हणू शकतील असे किती? तुझ्या विरोधात पॅनल उभं करणाऱ्याचा ऊस वेळेवर जातो का? तू सत्तेत आल्यापासून तुझ्या तालुक्यात दुसरा एक तरी नेता तयार झाला का, आणि झाला असेल तर तो तुझ्या पक्षात टिकला का? स्त्रियांसाठी जागा राखीव झाली तेव्हा घरातली सून उभी केलीस, की बचत गट चालवणारी, पाणीटंचाईत टँकरसाठी तहसील कचेरीत भांडणारी बाई?

यावर नेहमी एक उत्तर येतं की पक्षांतर्गत लोकशाही हा कायद्याचा विषय आहे, एकट्या माणसाने काय करायचं. कायदा कमजोर आहे हे खरंच. लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली पक्षांची नोंदणी होते, पण उमेदवार कसा निवडायचा यावर त्यात बंधन नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी तरतुदी सुचवल्या होत्या, आणि तेव्हापासून सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाने त्या पडून राहू दिल्या. पण औंधच्या राजाला तरी कोणत्या कायद्याने भाग पाडलं होतं? ज्याच्या हातात एबी फॉर्म आहे त्याला आजही, कायदा बदलायची वाट न पाहता, आपल्या तालुक्यातल्या पक्षसभासदांची यादी जाहीर करता येते. जिल्हा परिषदेच्या उमेदवारीसाठी त्यांचं गुप्त मतदान घेता येतं. आणि त्या मतदानात स्वतःचा मुलगा हरला, तर फॉर्म जिंकणाऱ्याच्या नावाने भरता येतो.